नाशिकमध्ये राहून समुपदेशक व्हायचंय? एम.ए.च्या प्रवेशापासून पहिल्या क्लायंटपर्यंत

बी.ए.चा निकाल लागला की "सायकॉलॉजीत पुढे काय?" हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर आणि घरी जेवायला बसल्यावर एकाच आठवड्यात निघतो. उत्तरं मात्र बहुतेक ऐकीव असतात. "मुक्तमधून एम.ए. कर आणि क्लिनिक टाक." "सहा महिन्यांचा डिप्लोमा पुरतो." "एम.फिल. बंद झालं, आता काही खरं नाही." यातलं पहिलं आता शक्य नाही, दुसरं क्लायंटच्या जिवाशी खेळ आहे आणि तिसरं अर्धवट खरं आहे.

पुढचं सगळं वाचताना एक मोजपट्टी हाताशी ठेवा: या अभ्यासक्रमात खऱ्या माणसांसमोर बसायचे तास किती, आणि त्या तासांची झाडाझडती घेणारं जाणतं माणूस कोण? कॉलेजचं नाव, इमारत, घरापासूनचं अंतर हे सगळं त्यानंतर.

१. पाटीवर काय लिहायचं ते आधी ठरवा

मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हणताना लोक सगळ्यांना एकाच पिशवीत घालतात. कायदा तसं करत नाही.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर एम.डी. केलेला डॉक्टर. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला. तुमची वाट ती नाही, पण या माणसाशी तुमचा कायम संबंध येणार आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे नाव लावायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव हवं आणि त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक हवा. आरसीआयचा कायदा १९९२ चा आहे. नोंदणीशिवाय हे काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआय-मान्य, दोन वर्षं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाशीच जोडलेली आहे. नुसतं "एम.ए. क्लिनिकल" असं गुणपत्रिकेवर छापून आलं म्हणून हे नाव लागत नाही. त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, हाच प्रश्न.

समुपदेशक किंवा कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट यांच्यासाठी अनेक वर्षं असा कुठला परवाना नव्हता, म्हणून बाजारात कुणीही पाटी लावली. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना वर्तन-आरोग्य या गटात घेतलं आणि राज्य परिषदेच्या नोंदणीची चौकट घातली. या कायद्यातला एक आकडा लक्षात ठेवा: आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत पसरलेले. शनिवार-रविवारच्या "प्रमाणित थेरपिस्ट" कोर्सची जाहिरात दिसली की हा आकडा शेजारी ठेवून बघा.

शाळेत काम करायचं असेल तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा मार्गदर्शन व समुपदेशनातला पदविका अभ्यासक्रम लागतो. आधीच शिक्षक असलेल्यांसाठी एनसीईआरटीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चांगला आहे: सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था लागू पडते, तेव्हा तीन महिने नाशिकबाहेर राहायची तयारी ठेवा.

चौथी वाट एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची. वस्ती, कुटुंब, रुग्णालय यांत काम करायला आवडणाऱ्यांनी ती कमी लेखू नये. रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात समाजकार्यकर्त्याचं काम समुपदेशकाइतकंच जड असतं.

२. मुक्त, ऑनलाइन आणि एम.फिल.: आजची स्थिती

नाशिककरांना दूरस्थ शिक्षणाचं विशेष कौतुक, कारण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे. पण यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासकट २०२१ च्या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी घातली. हे देशातल्या सगळ्या विद्यापीठांना लागू आहे, बाहेरच्या राज्यांतल्या खासगी विद्यापीठांनाही. "आमच्याकडे चालतं, बॅकडेटमध्ये प्रवेश देतो" असं सांगणारा एजंट भेटला तर पैसे खिशातच राहू द्या.

एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजीचं असं आहे: नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच निघाली. यूजीसीनं जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना २०२५-२६ पर्यंत प्रवेश द्यायची सवलत दिली. आरसीआयनं क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.च्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत: बी.एस्सी. ऑनर्स, एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यापुढे साय.डी. ही डॉक्टरेट. तेव्हा या वाटेनं जायचं असेल तर प्रवेश घेण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं, त्याच अभ्यासक्रमाचं आणि त्याच वर्षाचं मान्यतापत्र शोधा. संस्थेला दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाची मान्यता असते आणि माहितीपत्रकात नुसतं "आरसीआय मान्यताप्राप्त" असं मोठ्या अक्षरात छापतात. फसवणूक इथेच होते. मान्यता ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक जागांसाठी असते. मागच्या बॅचला होती म्हणून तुमच्या बॅचला असेलच असं नाही.

गंमत अशी की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला, म्हसरूळला आहे, पण क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणासाठी ओळखली जाणारी महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था पुण्यात. मोठी मनोरुग्णालयंही येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. क्लिनिकलची वाट धरणाऱ्या नाशिककरानं किमान दोन वर्षं गाव सोडावं लागेल हे धरूनच हिशेब मांडावा.

३. कॉलेजात जाऊन विचारायचे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. एम.ए. मानसशास्त्र कुठे कुठे चालतं ती यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा आणि मग प्रत्यक्ष विभागात जा. कार्यालयाच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही. तिथे फी आणि तारखा कळतात, बाकी काही नाही. विभागप्रमुखांना, आणि जमल्यास दुसऱ्या वर्षाच्या मुलांना, हे विचारा:

- क्लिनिकल आणि समुपदेशन यांपैकी कोणता ऐच्छिक गट गेल्या वर्षी *खरोखर* चालला? माहितीपत्रकात तीन गट असतात आणि पुरेशी मुलं नाहीत म्हणून सगळ्यांना औद्योगिक मानसशास्त्रात बसवलं जातं.
- ऑन जॉब ट्रेनिंगला मुलं कुठे जातात? तिथे ती क्लायंटसमोर बसतात की केसपेपर लिहितात?
- आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे तुमच्या सत्रांची वरिष्ठांकडून तपासणी, किती, आणि एका सुपरव्हायझरमागे मुलं किती?
- प्रयोगशाळेत कुठल्या चाचण्यांचे मूळ संच आहेत? झेरॉक्स काढलेल्या प्रश्नावल्या दाखवल्या तर समजून घ्या.
- पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? त्यातलं कुणी स्वतः क्लायंट बघतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तुम्हीच शोधायचं" असं आलं तरी लगेच कॉलेज बाद करू नका, नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. मात्र मग पाचवा आणि सहावा टप्पा तुम्हाला स्वतःच्या बळावर पार पाडायचा आहे.

मुंबईचा विचार असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबई विद्यापीठ आणि एसएनडीटी ही नेहमीची नावं. टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते: ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. अर्ज थंडीतच निघतात, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या सत्राचा निकाल लागायच्या कितीतरी आधी. "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांचं वर्ष इथे जातं. आणि पंचवटी एक्स्प्रेसनं रोज जाऊन-येऊन एम.ए. करू, हा बेत पहिल्या सत्रात जमतो. प्रॅक्टिकम, म्हणजे खऱ्या क्लायंटबरोबरचं प्रशिक्षण, सुरू झाला की जमत नाही, कारण क्लायंट तुमच्या गाडीच्या वेळेनं येत नाहीत.

४. कागदपत्रं

जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते, म्हणून एप्रिल-मेमध्येच हे जमवून ठेवा:

- दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
- कॉलेज सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही
- आधार, एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटचं ऑनलाइन खातं), फोटो, बँक पासबुक
- डोमिसाइल
- जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- महाडीबीटी शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला
- शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्पपेपर लागतो की साध्या कागदावर चालतं हे कॉलेजात विचारूनच करा
- नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला

अडकतं ते दोन ठिकाणी. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि मुलं गेल्या वर्षीचाच कागद घेऊन येतात. दुसरं मायग्रेशन: ते विद्यापीठाकडून येतं, कॉलेजकडून नाही, आणि त्याला वेळ लागतो.

आरसीआयच्या वाटेवर एक अट आणखी आहे. एम.फिल.साठी एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) लागत आले आहेत. पहिल्या सत्रात ४८ टक्के पडले की पुढची तीन सत्रं ती सरासरी वर ओढण्यात जातात. सांख्यिकी आणि संशोधन पद्धतीच्या पेपरांवर ही घसरगुंडी होते, म्हणून बी.ए.ला मानसशास्त्र नसलेल्यांनी मे महिन्यातच सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-टेस्ट हातानं सोडवून बघावेत.

५. प्रॅक्टिकमची जागा स्वतः कशी शोधायची

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एम.ए.च्या पहिल्या वर्षात ४ क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला चार तास धरले तर ते पंधरा आठवड्यांत संपतं. सुरुवात म्हणून बरं, पण समुपदेशक व्हायला पुरेसं नाही. दुसऱ्या वर्षी स्वतःहून तेवढंच आणखी करा.

नाशिकमध्ये दार ठोठावण्यासारख्या जागा: त्र्यंबक नाक्याचं जिल्हा शासकीय रुग्णालय, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रं, विशेष मुलांच्या शाळा, मोठ्या शाळांचे समुपदेशन कक्ष, महिलांसाठीची समुपदेशन केंद्रं, आणि शहरातल्या खासगी सायकियाट्रिस्टची ओपीडी. नुसता बायोडेटा मेल करून कुणी बोलावत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, एका पानाचा अर्ज आणि तुम्ही कोणते दिवस, किती वेळ देणार हे लिहून समक्ष जा. ओपीडी संपायच्या सुमारास जा, ऐन गर्दीत नको.

परवानगी मिळाली की या तीन गोष्टी लेखी घ्या: तिथे तुमच्यावर देखरेख कुणाची, क्लायंटला काय म्हणून तुमची ओळख करून दिली जाईल ("प्रशिक्षणार्थी" हा शब्द हवाच), आणि कठीण प्रसंग आला तर कुणाला फोन करायचा.

सुरुवातीचे काही आठवडे फक्त इतिहास घ्यायला शिका. तक्रार काय, कधीपासून, झोप, भूक, कामावर परिणाम, आधीचे उपचार, घरातलं आजारपण, दारू-तंबाखू. हे साधं वाटतं. पण सटाण्याकडच्या आजी अहिराणीत बोलायला लागल्या किंवा सुरगाण्याहून आलेला बाप मुलापेक्षा जास्त बोलायला लागला, की छापील फॉर्मचा क्रम कोलमडतो. फॉर्म खाली ठेवा आणि ऐका. रकाने नंतर भरता येतात.

नवख्यांची सगळ्यात मोठी गडबड म्हणजे सल्ला द्यायची घाई. आई सोबत आत येते, खुर्ची ओढते आणि म्हणते, "मॅडम, तुम्हीच समजावून सांगा हिला." त्या क्षणी तुम्ही आईच्या वतीनं बोलायला लागलात तर मुलगी पुढच्या वेळी येत नाही. आईचं दहा मिनिटं ऐका, मग सरळ सांगा: "आता मी हिच्याशी एकटीशी बोलते. शेवटी आपण तिघी पुन्हा बसू." आणि तशा बसाच. बाहेर ताटकळलेली आई घरी गेल्यावर सगळं खोदून खोदून विचारते.

६. सुपरव्हिजन: याच्यावर कंजुषी नको

सुपरव्हिजन म्हणजे तुमच्या सत्रांची नियमित तपासणी. सुरुवातीला आठवड्याला एक तास, एकट्याची. गटातली असेल तर ती वेगळी. "काही अडलं तर विचार" असं म्हणणारे वरिष्ठ चांगले असतात, पण ते सुपरव्हिजन नाही. नवख्याला काय अडलंय हेच कळत नसतं.

काम चालतं ते शब्दशः नोंदीवर. क्लायंटची लेखी संमती असेल तर आवाज ध्वनिमुद्रित करून, नसेल तर त्याच संध्याकाळी आठवून, सत्रातली दहा-पंधरा मिनिटं तीन रकान्यांत लिहायची: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो/म्हणाले, आणि त्या वेळी माझ्या मनात काय होतं. नमुन्यादाखल असा तुकडा घ्या. नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी १९ वर्षांची मुलगी समोर आहे.

क्लायंट: "घरी सगळे चांगलेच आहेत ताई. मलाच काही जमत नाही."
प्रशिक्षणार्थी: "असं नको म्हणू गं, तू हुशार आहेस. बारावीला किती छान मार्क होते!"
तिसरा रकाना: *ती रडेल असं वाटलं.*
क्लायंट: "हो..." (खाली बघते.)
प्रशिक्षणार्थी: "मग अभ्यासाचं वेळापत्रक करून बघायचं का?"

चांगला सुपरव्हायझर दुसऱ्या रकान्यावर फार वेळ घालवत नाही. तो तिसऱ्यावर बोट ठेवतो: रडली असती तर काय झालं असतं? तुला कशाची भीती होती? मग दोघं मिळून तिथे दुसरं काय म्हणता आलं असतं ते शोधतात. "काय काय जमत नाहीसं वाटतं?" एवढंही चाललं असतं. किंवा काहीच न बोलता थांबणं. "घरी सगळे चांगलेच आहेत" यातला "च" कुणी ऐकला का, हाही प्रश्न निघतो. अशी पाच-सहा पानं तपासून झाली की धीर देण्याची सवय कुठे आड येते ते स्वतःलाच दिसायला लागतं. पुस्तकात "सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक" पाच गुणांसाठी पाठ केलेला असतो. तो इथे कळतो.

सुपरव्हायझर निवडताना विचारा: स्वतः किती वर्षं क्लायंट बघता, कुठल्या पद्धतीनं काम करता, तुमचं सुपरव्हिजन कोण करतं? तिसऱ्या प्रश्नाला राग आला तर दुसरीकडे बघा. नाशिकमध्ये माणूस मिळाला नाही तर पुण्या-मुंबईच्या सुपरव्हायझरबरोबर व्हिडिओवर काम करता येतं. सुपरव्हिजन ऑनलाइन चालतं. पदवी ऑनलाइन चालत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा. शहरातल्याच कुणाकडे जात असाल तर आपले ओळखीचे क्लायंट त्यांच्याकडे येत नाहीत ना, हे आधी बोलून घ्या. आपलं शहर अजून तेवढं मोठं नाही.

तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, संस्था, क्लायंटचा सांकेतिक क्रमांक, मिनिटं, कामाचा प्रकार, सुपरव्हायझरची सही. दोन वर्षांनी एकदम सही मागायला गेलात तर ते माणूस बदली होऊन गेलेलं असतं. क्लायंटचं नाव आणि क्रमांक यांची जोडणी दुसऱ्या वहीत, कुलपात. व्हॉट्सअॅपवर केस पाठवून "सर, हे काय असेल?" असं विचारू नका, नाव झाकलेलं असलं तरी.

७. गुप्तता, तिच्या मर्यादा आणि जिवाची जोखीम

पहिल्याच भेटीत, तक्रार ऐकायच्या आधी, हे सांगायचं असतं. भाषा घरगुती ठेवा:

"तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. मी शिकतेय, म्हणून माझ्या मॅडमशी त्याबद्दल बोलेन, तुझं नाव न सांगता. फक्त दोन वेळा मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर, आणि अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. सांगायच्या आधी मी तुझ्याशी बोलेन."

दुसरी मर्यादा पोक्सो कायद्याची, २०१२ च्या. कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा. समुपदेशक म्हणून सूट नाही, प्रशिक्षणार्थी म्हणून तर नाहीच. मुलाला हे आधी सांगितलेलं नसेल तर कळवताना त्याचा विश्वास तुटतो, आणि सांगायचं राहून गेलेल्यांची पंचाईत होते ती इथेच.

आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज काढून टाका. सरळ विचारा, आडून नको: "जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का?" उत्तर "हो" कडे झुकलं की सत्राचा बाकी विषय बाजूला. निफाड-दिंडोरी पट्ट्यातलं घर असेल तर द्राक्षांच्या फवारणीची औषधं कुठे ठेवतात, किल्ली कुणाकडे असते, हे विचारायलाच हवं. घरातल्या विश्वासाच्या माणसाला, क्लायंटला सांगून, ती औषधं घराबाहेर हलवायला लावा. जिवावर बेतण्याचा क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतो आणि तेवढ्यात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं.

त्यानंतर त्याच बैठकीत कागदावर लिहा: विचार वाढायला लागले की कळणारी खूण कोणती, स्वतः काय करून बघायचं, कुणाला फोन करायचा (दोन नावं, क्रमांकासहित), रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, आणि कोणत्या रुग्णालयात जायचं. कागद क्लायंटकडे द्या. त्याच दिवशी सुपरव्हायझरला कळवा आणि सायकियाट्रिस्टकडे पाठवा. "एकट्यानं हाताळलं" याचं कौतुक या धंद्यात होत नाही.

८. स्वतःची थेरपी

किमान काही महिने स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसा. भारतात याची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून मुलं टाळतात. ज्या शिक्षकांनी तुमचे गुण द्यायचे आहेत त्यांच्याकडे मात्र जाऊ नका.

९. पद्धत एकच निवडा, प्रमाणपत्रांची माळ नको

एम.ए.नंतर वर्षभर एका पद्धतीत पाय रोवा. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ पद्धतीचं, म्हणजे आरईबीटीचं, आणि विचार व वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीचं प्रशिक्षण आणि मराठीतून काम करणारी माणसं त्यातल्या त्यात सहज मिळतात, हे निवडीचं रास्त कारण आहे. कोर्समध्ये प्रत्यक्ष सराव, त्यावर शेरे आणि नंतर केसचं सुपरव्हिजन आहे का बघा. तीन दिवसांत "मास्टर प्रॅक्टिशनर" करणारे कोर्स, बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणारी डीएमआयटी, अक्षरावरून स्वभाव ओळखणं यांना शास्त्राचा आधार नाही. डीएमआयटीचं मशीन विकणारे समुपदेशकांनाच एजन्सी देतात, कमिशनही चांगलं असतं. नाही म्हणा.

चाचण्यांबाबतही जपून. बुद्ध्यांक काढायला शिकलात म्हणून दहावी-बारावीच्या सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचा दाखला तुम्ही देऊ शकत नाही. तो शासनानं नेमलेल्या रुग्णालयातूनच घ्यावा लागतो. पालकांना हे पैसे घेण्याआधी सांगा.

१०. काम मिळवताना

सरकारी बाजूला रुग्णालयांतले एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र, किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, कौटुंबिक न्यायालय, महिलांसाठीचं सखी केंद्र असे पर्याय आहेत. जाहिरातीतली शैक्षणिक अट शब्दशः वाचा. काही पदांना एम.एस.डब्ल्यू. चालतं पण एम.ए. मानसशास्त्र चालत नाही, काहींना उलट. शाळा-कॉलेजांत मागणी वाढते आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं. नियुक्ती स्वीकारताना कामाचं स्वरूप लेखी घ्या, नाहीतर समुपदेशकाच्या गळ्यात बदली तासिका, स्नेहसंमेलन आणि शिस्तपालन समिती पडते. शिस्तपालन तर मुळीच नको: ज्यानं शिक्षा द्यायची त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही.

स्वतंत्र काम सुरू करायची घाई करू नका. नोकरी सांभाळून आठवड्याला तीन-चार क्लायंट, सुपरव्हिजन चालू ठेवून, अशी दोन वर्षं काढा. नावामागे "डॉ." पीएच.डी. मिळाल्याशिवाय नाही, आणि पीएच.डी. मिळाली तरी औषधांविषयी बोलायचं नाही, "ही गोळी बंद केली तर चालेल का?" या प्रश्नाला "तुमच्या डॉक्टरांना विचारू" हेच उत्तर. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, मैत्रिणीची मुलगी यांना क्लायंट म्हणून घेऊ नका, दुसऱ्याकडे पाठवा.

जागेसाठी लगेच कॉलेज रोडला गाळा घ्यायची गरज नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा सायकियाट्रिस्टच्या दवाखान्यातली खोली संध्याकाळचे दोन तास भाड्यानं मिळते. करार करण्याआधी एक चाचणी करा: कुणाला तरी आत बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला लावा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. प्लायवूडच्या पार्टिशनमधून शब्द ऐकू आले तर ती खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असलं तरी.